राहणाऱ्याची संमती

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द मोठा बहुरूपी आहे. तो प्रयोगशाळेत असतो तसाच रंगभूमीवरही असतो. आणि शाळेत व्याकरण घोकलेल्या माझ्या पिढीला तो कर्तरी, कर्मणी आणि भावे अशा तीन अवतारांतही आठवत असेल. रंगभूमीवरच्या प्रयोगाची एक सोय अशी की, तो आवडला नाही तर प्रेक्षक मध्यंतरात उठून घरी जाऊ शकतो. प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर परीक्षानळी धुऊन ठेवता येते. परंतु प्रयोग जेव्हा घराचाच असतो, तेव्हा उठून जायचे कोठे? अशा प्रयोगात वास्तुशिल्पी हा कर्ता असतो आणि राहणारा माणूस हे कर्म, एवढे व्याकरण तरी आपण विसरता कामा नये.

राज्य शासनाच्या सेवेत माझी तीन तपांहून थोडी कमी वर्षे गेली. आमच्या मध्य प्रदेशात कचेरीचा कारभार हिंदीत. तेव्हा फायलींवर ‘प्रायोगिक तौर पर’ असे शेरे वारंवार पडत. या दोन-तीन शब्दांत मोठी जादू असे. योजनेला कोणाचा विरोध असेल तर तो या शब्दांनी मावळे, कारण प्रयोगाला कोण नाही म्हणणार? आणि पुढे योजनेचे काय झाले हे विचारण्याची जबाबदारीही याच शब्दांनी टळे, कारण तो तर नुसता प्रयोग होता! वास्तविक प्रयोग म्हटला की त्याला निरीक्षण असावे लागते, निष्कर्ष असावा लागतो आणि निष्कर्ष प्रतिकूल निघाला तर माघार घेण्याची तयारी असावी लागते. निष्कर्षाचे टिपण जोडून रीतसर बंद झालेली अशी फाईल माझ्या पाहण्यात फारशी आली नाही.

मी वास्तुशास्त्रज्ञ नव्हे. तरीही अतिदाट वस्तीच्या शहरांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत उंच इमारतींचे जे धाडसी प्रयोग झाले, त्यांच्याविषयी निवृत्तीनंतर बरेच वाचन घडले आणि प्रत्येक वेळी मन एकाच प्रश्नापाशी येऊन थांबले. माणसांच्या राहत्या आयुष्यावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो कोणत्या अटींवर? सौंदर्याचा आणि अभियांत्रिकीचा विचार त्या विषयातील जाणकारांनी पुष्कळ केला आहे. हा प्रश्न मात्र कोणत्याही एका शास्त्राच्या हद्दीत बसत नाही, म्हणून तो आपल्यासारख्यांनी विचारायला हरकत नसावी.

टोकियो शहराचेच उदाहरण घेऊ. मार्च १९४५ च्या बॉम्बवर्षावात लाकडी घरांचे हे शहर अक्षरशः जळून गेले होते. आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तेथील लोकसंख्या एक कोटीच्या घरात जाऊन पोहोचली. जमीन तेवढीच, माणसे मात्र दररोज वाढणारी. १९६० साली तेथे जागतिक आरेखन परिषद भरली. त्या निमित्ताने कियोनोरी किकुताके, किशो कुरोकावा, फुमिहिको माकी, मासातो ओताका हे तरुण वास्तुशिल्पी आणि नोबोरु कावाझोए हे समीक्षक यांनी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यांनी आपल्या चळवळीला ‘मेटाबोलिझम’ असे नाव दिले. शरीरशास्त्राच्या पुस्तकात आपण ज्याला चयापचय म्हणतो तेच हे. शहर म्हणजे जिवंत देह आहे. देहातील पेशी जशा मरतात आणि नव्या येतात, तशी घरेही जुनी झाली की गळून पडावीत आणि त्यांच्या जागी नवी यावीत, देह मात्र टिकावा, अशी ही कल्पना. त्याच सुमारास त्यांचे ज्येष्ठ केन्झो तांगे यांनी टोकियोच्या उपसागरावर पाण्यातच नवे शहर वसविण्याचा आराखडा मांडला. किकुताके यांनी समुद्रावर तरंगणाऱ्या नगरांची आणि मनोऱ्याला चिकटलेल्या घरांची चित्रे काढली. यातले बहुतेक कागदावरच राहिले. कागदावर राहिलेल्या प्रयोगाविषयी नैतिक प्रश्न उद्भवत नाही. तो प्रत्यक्षात उतरलेल्या इमारतीविषयी उद्भवतो.

तशी एक इमारत १९७२ साली गिन्झा या गजबजलेल्या भागाच्या टोकाला उभी राहिली. नाकागिन कॅप्सूल टॉवर हे तिचे नाव, आणि शिल्पकार कुरोकावा. एकमेकांना जोडलेले दोन मनोरे, एक अकरा मजल्यांचा आणि दुसरा तेरा मजल्यांचा. त्यांच्या पोटात जिना आणि लिफ्ट. आणि बाहेरून चिकटविलेल्या १४० पोलादी पेट्या. प्रत्येक पेटी सुमारे अडीच मीटर रुंद, चार मीटरला थोडी कमी लांब, म्हणजे क्षेत्रफळाने जेमतेम दहा चौरस मीटर. पेटी कारखान्यात तयार करायची, ट्रकवर चढवून आणायची, क्रेनने उचलायची आणि चार मोठ्या बोल्टांनी मनोऱ्याला आवळून टाकायची. आत एक पलंग, भिंतीत बसविलेले कपाट, घडीचे टेबल, दूरदर्शन संच, विमानात असते तसे चिमुकले स्नानगृह आणि एक मोठी गोल खिडकी. स्वयंपाकघर नाही. दूर उपनगरात घर असलेल्या आणि कामानिमित्त रात्री शहरात थांबावे लागणाऱ्या सुस्थितीतील नोकरदाराने येथे रात्र काढावी, अशी योजना होती.

या इमारतीचे खरे वैशिष्ट्य तिच्या पेट्यांमध्ये नव्हते, तिने दिलेल्या वचनात होते. दर पंचवीस वर्षांनी जुन्या पेट्या काढून नव्या बसवायच्या आणि मनोरा मात्र कायम राहील, असे ते वचन. पंचवीस वर्षे झाली, तीस झाली, एकही पेटी बदलली गेली नाही. त्याचे एक कारण तांत्रिक होते. पेट्या इतक्या दाटीने बसविल्या होत्या की, खालची काढायची तर आधी तिच्या वरच्या साऱ्या काढाव्या लागल्या असत्या. परंतु याहून मोठे कारण असे की, १४० पेट्यांचे मालक निरनिराळे होते. कोणाला बदल हवा होता, कोणाला नको होता, कोणाकडे पैसा नव्हता, कोणी पेटी भाड्याने देऊन स्वतः कोठे तरी दूर राहत होता. नळ गंजले, छत गळू लागले, भिंतींत अॅस्बेस्टॉस निघाले, पुढे पुढे गरम पाणीही बंद पडले. २००७ साली आवश्यक असलेल्या चार-पंचमांश बहुमताने मालकांनी इमारत पाडण्याचा ठराव केला. त्याच वर्षी कुरोकावा निवर्तले. पुढे आर्थिक मंदी आली आणि पाडणारेच अडचणीत आले, म्हणून ती आणखी काही वर्षे उभी राहिली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये ती उतरविण्याचे काम सुरू झाले. देहाच्या पेशी बदलाव्यात अशी ज्या इमारतीची प्रतिज्ञा होती, तिची एकही पेशी न बदलता सारा देहच नाहीसा झाला.

हा पराभव पाहून पुष्कळांनी कुरोकावांच्या कल्पनेलाच दोष दिला. मला ते पटत नाही. वस्तू जीर्ण होणार हे गृहीत धरून तिची रचना करणे यात चूक कसली? जन्मास येणारी गोष्ट झिजणार हे तर आपल्याकडे आजीच्या मांडीवर बसून ऐकलेले तत्त्वज्ञान आहे. शिवाय जपानमध्येच त्याचे ढळढळीत उदाहरण आहे. ईसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी मोडून शेजारच्या भूखंडावर जसेच्या तसे नवे उभारतात. सातव्या शतकाच्या अखेरीपासून, मधल्या लढायांच्या काळातील काही खंड सोडले तर, हे चालत आले आहे. २०१३ साली बासष्टावे नवनिर्माण झाले. मेटाबोलिझमवाल्यांना या मंदिराचे फार आकर्षण होते. मग जे लाकडाच्या मंदिराला बाराशे-तेराशे वर्षे साधले ते पोलादी मनोऱ्याला पंचवीस वर्षांतही का साधू नये?

उत्तर सोपे आहे आणि ते वास्तुशास्त्रात नाही. ईसेला परत येणारे कोणी तरी आहे. तेथे सुतारांच्या पिढ्या आहेत. एका नवनिर्माणात हाताखाली काम करणारा मुलगा पुढच्या नवनिर्माणात कारागीर असतो आणि त्यापुढच्यात प्रमुख. लाकडासाठी राखलेले जंगल आहे, खर्चाची तजवीज आहे, आणि हे आपले कर्तव्य आहे असे मानणारी संस्था आहे. गिन्झातल्या मनोऱ्याला यातले काहीच नव्हते. पंचविसाव्या वर्षी दाराशी येऊन उभे राहण्याची जबाबदारी कोणाच्याही नावावर लिहिलेली नव्हती. वचन इमारतीने दिले होते. माणसाने दिलेच नव्हते.

कुरोकावांच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १९७३ साली त्यांनी कारुइझावाच्या डोंगराळ भागात स्वतःसाठी सुटीतले घर बांधले, तेही अशाच चार पेट्या अडकवून. म्हणजे जे दुसऱ्याला विकले ते त्यांनी स्वतःही वापरून पाहिले. प्रयोग प्रथम स्वतःवर करावा ही जुनी सभ्यता आहे. गांधीजींनी तर आपल्या आत्मचरित्रालाच सत्याचे प्रयोग म्हटले. (अर्थात त्या प्रयोगांचा किती भार कस्तुरबांना आणि मुलांना वाहावा लागला हा हिशेब वेगळा आहे. स्वतःवर केलेला प्रयोग घरादाराला शिवतच नाही असे गृहस्थाश्रमात कधी होत नाही.) आपल्या इंदुरातही याचे नामांकित उदाहरण आहे. यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पीकडून माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. कमानी नाहीत, नक्षी नाही. सरळ रेषा, धातूच्या वस्तू आणि युरोपातल्या नव्या कलावंतांचे सामान. त्या काळच्या दरबारी मंडळींना हे किती विचित्र वाटले असेल याची कल्पनाच करावी. परंतु राजाने हौस केली ती स्वतःच्या घरावर, आणि स्वतः त्यात राहिला. पैसा कोणाचा, हा प्रश्न संस्थानिकांच्या बाबतीत उरतोच. पण राहण्याची गैरसोय तरी दुसऱ्याच्या माथी मारली गेली नाही. आज त्या वास्तूत केंद्र सरकारची करविषयक कचेरी आहे.

नाकागिनमध्येही ज्यांनी पेट्या घेतल्या ते राजीखुशीने आलेले, चार पैसे बाळगून असलेले लोक होते आणि त्यांना दुसरे घर होते. या अर्थाने तो प्रयोग तुलनेने निरुपद्रवी म्हटला पाहिजे. खरी अडचण सुरू होते ती जेथे राहणाऱ्याला दुसरे घर नसते तेथे. लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत १९६८ च्या मार्च महिन्यात राहण्यास खुली झाली. कारखान्यात ओतलेले सिमेंटचे मोठे तक्ते एकावर एक रचून ती उभारली होती. महानगरपालिकेच्या प्रतीक्षा यादीतील कुटुंबांना तेथे घरे मिळाली. दोनच महिन्यांनी, १६ मेच्या पहाटे, अठराव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला. स्फोट तसा फार मोठा नव्हता. परंतु त्याने कोपऱ्याची भिंत बाहेर ढकलली गेली, तिच्यावर तोललेले वरचे मजले कोसळले, त्यांच्या भाराने खालचे कोसळले, आणि इमारतीचा एक संबंध कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा ढासळला. चार माणसे मेली. पुढे मजबुती करून इमारत पुन्हा वापरात आणली. आणि १९८६ मध्ये ती उतरविली तेव्हा सांध्यांतील काम किती निकृष्ट होते तेही उघडकीस आले.

माझ्यासारख्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला या कथेतला एक तपशील फार बोचतो. ब्रिटनमध्ये १९५६ च्या कायद्याने सार्वजनिक घरांसाठी मिळणारे अनुदान इमारतीच्या उंचीप्रमाणे वाढत जाई. जितके मजले अधिक तितका प्रत्येक घरामागे पैसा अधिक. ज्यांनी हा नियम केला त्यांचा हेतू वाईट नव्हता. उंच बांधणे महाग पडते, म्हणून अधिक मदत, एवढाच हिशेब. पण अनुदानाचा तक्ता हाती आला की कोणतीही स्थानिक संस्था काय करील हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. लोकांना उंच राहायचे आहे की नाही हे न विचारताच शेकडो मनोरे उभे राहिले. अनुदानाची ही पद्धत १९६७ मध्ये संपली, मनोरे राहिले.

गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. खरे पाहता त्याला अक्कल पुरेशी असते, पर्याय नसतो. दहा वर्षे यादीत ताटकळलेल्या माणसासमोर किल्ली धरली आणि त्याने ती घेतली, तर त्याला संमती म्हणायचे काय? वैद्यकाच्या क्षेत्रात हा प्रश्न १९४७ साली न्यूरेम्बर्गच्या खटल्यानंतर निर्णायकपणे विचारला गेला. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची संमती स्वेच्छेची, दबावाविना आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली हवी, आणि वाटेल तेव्हा बाहेर पडण्याची मोकळीक हवी, असे तेथे ठरले. घराच्या बाबतीत असा दंडक कोणी घातलेला नाही. औषधाची एक गोळी बाजारात येण्यापूर्वी अनेक वर्षांच्या चाचण्या होतात. आणि जन्मभर ज्यात राहायचे ते घर एका स्पर्धेतील बक्षिसाच्या जोरावर हजारो लोकांना वाटले जाऊ शकते.

येथे कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की मग प्रयोगच करू नयेत काय? हाँगकाँगच्या २०२१ च्या जनगणनेत दोन लाखांहून अधिक माणसे फाळण्या घालून कापलेल्या खोल्यांत राहत असल्याचे दिसले. २०२५ साली तेथे कायदा करून अशा खोलीचे किमान क्षेत्रफळ ८ चौरस मीटर ठरविण्यात आले. श्रीमंत नोकरदाराच्या एका रात्रीसाठी योजलेल्या पेटीहून हे लहान आहे, आणि यात कुटुंबे राहतात. त्याच शहरात कौलून येथे एक तटबंदीची वस्ती होती. ना ब्रिटिशांचा पुरता अंमल, ना चीनचा, अशा बेवारस अवस्थेत तेथील सुमारे २.७ हेक्टर जागेत १९८७ च्या पाहणीनुसार ३३ हजार लोक राहत. एकही वास्तुशिल्पी नसताना इमारती चौदा मजल्यांपर्यंत चढल्या. जवळच विमानतळ नसता तर आणखी चढल्या असत्या. खालच्या बोळांत भरदिवसा ट्यूबलाईट जळे. १९९३-९४ मध्ये ती वस्ती पाडली गेली आणि तेथे बाग झाली. बागेत फिरणाऱ्या काही मंडळींना आता त्या वस्तीचे कौतुक वाटते. लोकांनी आपणहून वसविलेले शहर म्हणून तिचे गोडवे गायिले जातात. अंधारात, टपकणाऱ्या नळांखालून चालण्याची पाळी ज्यांच्यावर आली नाही त्यांनीच हे गोडवे गावेत. कोणी प्रयोग केला नाही तरी प्रयोग होतच असतो. फक्त त्याला उत्तर देणारा कोणी नसतो.

म्हणून संमतीचा मुद्दा कितीही महत्त्वाचा असला तरी तेवढ्याने भागत नाही असे मला वाटू लागले आहे. याचे कारण काळाशी निगडित आहे. संमती आज हजर असलेला माणूस देतो. इमारत मात्र त्याच्या मुलाबाळांच्या काळातही उभी असते. १९७२ साली पेटी घेणाऱ्याने हौसेने सही केली असेल. गरम पाणी बंद झाल्यावर तेथे राहणाऱ्याला कोणी काही विचारले नव्हते. पुढच्या राहणाऱ्याची संमती घेणे तत्त्वतःच अशक्य आहे, कारण तो अद्याप आलेलाच नाही. जेथे संमती घेता येत नाही तेथे तिच्या जागी काही तरी दुसरे ठेवावे लागते, आणि ते दुसरे म्हणजे परत येण्याचे बंधन. आपण बांधले त्याचे काय झाले हे पाहायला यावे लागेल, आणि चुकले असेल तर आपल्या खर्चाने दुरुस्त करावे लागेल, असे ज्याने स्वतःवर बांधून घेतले नाही त्याला दुसऱ्याच्या घरावर प्रयोग करण्याचा अधिकार पोहोचत नाही.

सिंगापूरकडे मी या दृष्टीने पाहतो. तेथील गृहनिर्माण मंडळ १९६० साली स्थापन झाले. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी येथील झोपड्यांना लागलेल्या आगीत सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले आणि मंडळाने त्यांच्यासाठी घाईघाईने उंच इमारती बांधल्या. आज देशातील चारांपैकी तिघांहून अधिक रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. या व्यवस्थेत सक्ती पुष्कळ आहे. जमिनी कायद्याने घेतल्या गेल्या, जुनी खेडी उठली, शेजारी कोणत्या वंशाचे किती असावेत हेही १९८९ पासून सरकार ठरविते. आपल्याला हे जाचक वाटेल, मलाही वाटते. परंतु एक गोष्ट पाहा. जुन्या इमारतींत काटकसर म्हणून लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. मधल्या मजल्यावरच्यांनी एक-दोन जिने चढावेत अशी अपेक्षा. तरुण कुटुंबांना ते जमले. ती कुटुंबे म्हातारी झाली तेव्हा जमेना. २००१ पासून मंडळाने हजारो इमारतींच्या बाहेरून नवे कूपक बांधून लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबेल अशी सोय केली, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला. हे कोणत्याही वास्तुकलेच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर येण्यासारखे काम नव्हे. २००९ साली पूर्ण झालेल्या पिनॅकल अॅट डक्स्टनची छायाचित्रे मात्र सर्वत्र झळकली. पन्नास मजल्यांचे सात मनोरे, १८४८ घरे, आणि सव्विसाव्या व पन्नासाव्या मजल्यांवर साऱ्या मनोऱ्यांना जोडणारे पूल. तेही सामान्य लोकांसाठीच बांधलेले आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही दोहोंतून निवड करायची तर मी त्या नव्या लिफ्टांना अधिक गुण देईन.

आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये मुंबईच्या कंबाला हिलवर कांचनजंगा हा मनोरा पूर्ण केला. अठ्ठावीस मजले आणि अवघी बत्तीस घरे. पाऊस आणि ऊन थेट आत येऊ नये म्हणून कोपऱ्यांत दोन मजले उंचीचे बागेचे सज्जे. बंगल्याच्या व्हरांड्याला आकाशात नेऊन बसविण्याचा तो सुंदर प्रयोग होता आणि तो श्रीमंतांसाठी होता. त्याच सुमारास नव्या मुंबईत बेलापूर येथे सामान्य मिळकतीच्या लोकांसाठी योजना करताना त्यांनी उंची मुद्दाम टाळली. पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे भूखंड, प्रत्येक घर सुटे, भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. म्हणजे ज्याला जशी ऐपत येईल तसे त्याने वाढवावे. पुढे अनेकांनी ती घरे इतकी वाढविली, काहींनी पाडून नवी बांधली, की कोरियांची मूळ रचना शोधावी लागते. वास्तुकलेचे अभ्यासक यावर हळहळतात. मला तर वाटते, येथे प्रयोगाचा कर्ता आणि कर्म एकच झाले. टोकियोच्या मनोऱ्याला जे पंचवीस वर्षांत जमले नाही ते चयापचय बेलापूरच्या गवंड्यांनी करून दाखविले. मुंबई बेटावर मात्र सर्वांना असे भूखंड देण्याइतकी जमीन नाही हे कबूल केलेच पाहिजे, आणि तेथेच हा प्रश्न पुन्हा कठीण होतो.

कारण आज उंचीचा प्रश्न मोठ्या महानगरांपुरता उरलेला नाही. महाराष्ट्रात २०१९ च्या शासन निर्णयाने गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला निम्म्याहून थोड्या अधिक सभासदांची संमती पुरेशी ठरविली. टोकियोतील मालकांना चार-पंचमांश लागले होते. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात किती म्हातारी माणसे बसतात याचा विचार करावा. एका सभासदाच्या हट्टापायी शंभर कुटुंबांनी पडक्या इमारतीत जीव मुठीत धरून राहावे, हे न्याय्य नाही. पण एकोणपन्नास जणांची इच्छा नसताना त्यांना चाळिसाव्या मजल्यावर चढविणे हेही नुसत्या गणिताने न्याय्य होत नाही. आकडा कोठे तरी ठरवावा लागतो. आकडा ठरला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे.

आणि आता ही लाट इंदुरातही आली आहे. रामबाग, नारायणबाग या आपल्या जुन्या वस्त्यांत चौक असलेले वाडे किती उरले ते बोटांवर मोजावे. १९१८ साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबाराला इंदूरविषयी दोन खंडांचा अहवाल दिला, तेव्हा जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यास त्याचा विरोध होता. एखादा रस्ता रुंद करायचा तर आधी गल्लीबोळांतून पायी हिंडा, कोणते घर खरोखर मोडकळीला आले आहे ते पाहा, आणि तेवढेच काढा, ही त्याची पद्धत. प्लेगच्या त्या दिवसांत त्याने दिवाळीला एक मिरवणूक काढविली होती आणि ज्या रस्त्यांवरची घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त झाली असतील त्या रस्त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले होते. लोकांनी आपापली घरे झाडून, रंगवून ठेवली. प्लेगच्या उंदराची प्रतिमा त्या मिरवणुकीत होती असे सांगतात. शंभर वर्षांपूर्वीचे ते शहर फार लहान होते आणि ती युक्ती आज चालणार नाही. पण ज्याच्या घरात बदल करायचा त्याच्या दारावरून एकदा जावे लागते, एवढे गेडिसला ठाऊक होते.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका वाड्याचा करारनामा वाचायला माझ्याकडे आला. निवृत्त अधिकारी म्हणून असली कामे माझ्याकडे येतात. चौदा मजल्यांची इमारत, काचेचा दर्शनी भाग, यांत्रिक पार्किंग, गच्चीवर बाग. ताबा कधी, दंड किती, चटई क्षेत्र कसे मोजायचे, यावर कलमांमागून कलमे होती आणि ती चांगली लिहिलेली होती. वाड्यातल्या सर्वांत वयस्क काकूंनी, वय वर्षे सत्त्याऐंशी, मला एवढेच विचारले, “भाऊ, लिफ्ट बंद पडली तर मला खाली कोण आणणार, ते यात लिहिलंय का रे?” मी तो करार पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. देखभालीची जबाबदारी विकासकाकडे तीन वर्षे आणि त्यानंतर रहिवाशांच्या संस्थेकडे, असे एक कलम होते. चौथ्या वर्षाचा खर्च कोठून येणार, याविषयी काही नव्हते. मी समासात तसे पेन्सिलीने लिहून कागद परत पाठविले. सह्या अजून व्हायच्या आहेत.